कमानपाटा, खोबरेल आणि लोहचुंबक: घरच्या भट्टीवरचे प्रश्न

प्रश्न: खाणीवरच्या ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) जुना पाटा भंगारात मिळाला. ‘पाट्याच्या पोलादाला तोड नाही’ असं जो तो सांगतो. सुरी-कोयता घडवायला सरळ वापरू का? (वाचक, साखळी)

उत्तर: सरळ नको, आधी तपासा. पाट्याचं पोलाद चांगलं असतं हे खरं, पण कशासाठी चांगलं, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या कमानींत बहुधा सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोमियमचं पोलाद असतं आणि त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. ते मार सोसतं, म्हणून झावळ्या तोडायच्या, शहाळी तासायच्या कोयत्याला ते उत्तम. बांगडे-इसवण कापायच्या पातळ सुरीची धार मात्र त्यात फार दिवस टिकत नाही. तिथे बॉल बेअरिंगचं पोलाद (कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम सुमारे १.५) सरस. चांगल्या जुन्या कानशीचंही चालेल. हलक्या कानशी फक्त वरवर कडक केलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. बांधकामाच्या सळईला तर पाणीच चढत नाही, म्हणजे तापवून विझवली तरी ती कडक होत नाही.

जुन्या पाट्यात खरी भीती बारीक चिरांची. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्या पडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. गंज घासून काढा, रॉकेल चोळून अर्धा तास ठेवा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तिथे रॉकेल झिरपून ओली रेघ उमटते. तो भाग टाकून द्या. पाटे बसवणाऱ्या गॅरेजमध्ये नव्या पाट्याचे तुकडे पडलेले असतात. ते मिळाले तर जुन्याच्या वाटेला जाऊच नका.

मग बोटभर लांब, ३ मिलिमीटर जाड पट्टी कापून तापवा, तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडकं टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातोडा मारा. पट्टी नुसती वाकली तर एकतर पोलादात कार्बन कमी आहे किंवा ताव (विझवण्याआधीचं तापवणं) कमी पडला. काचेसारखी तुटली तर तुटलेली कड उन्हात धरून बघा. राखाडी, मखमलीसारखी मऊ दिसली तर ताव बरोबर बसला. साखरेच्या दाण्यांसारखी चमचमली तर पोलाद जास्त तापलंय आणि असं पातं एक दिवस काम करतानाच तुटणार. पाच मिनिटांची ही चाचणी शंभर जणांच्या मतांपेक्षा जास्त सांगते.

प्रश्न: लोहचुंबक चिकटायचं थांबलं की पातं विझवायचं, हे बरोबर का? तेल कुठलं घ्यावं? पाण्यात विझवलेलं माझं पातं ‘टण्’ आवाज होऊन चिरलं. (वाचक, काणकोण)

उत्तर: लोहचुंबकाचा नियम अर्धाच आहे. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासं होतं, पण पाणी नीट चढायला साध्या कार्बन पोलादाला ८०० ते ८२० आणि पाट्याला ८३० ते ८५० अंश लागतात. म्हणून चुंबक सुटल्यावर आणखी एक छटा उजळ होऊ द्या आणि पाट्याचं पातं त्या तावावर दोन-तीन मिनिटं धरा. हे काम सावलीत किंवा तिन्हीसांजेला करा. आपल्या उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो. अंधारात नीट पाहिलंत तर तापणाऱ्या पात्यावरून एक काळसर सावली सरकताना दिसेल. ती सरून पातं सगळीकडे सारखं उजळलं की समजा, आतला बदल पुरा झाला.

पाण्यात पातं चिरलं, कारण पाणी फार झपाट्यानं थंड करतं. पातळ धार आधी कडक होऊन फुगते, जाड पाठ मागे राहते आणि त्या ओढाताणीत पोलाद फाटतं. पाटा आणि बेअरिंग ही दोन्ही पोलादं तेलाचीच. जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक सुचवतात, पण त्याचा धूर विषारी आणि पातं जायचं स्वयंपाकघरात. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं किंवा आपलं खोबरेल घ्या. वीतभर पात्याला निदान चार लिटर, तेही झाकणाच्या लोखंडी डब्यात. भडका उडाला तर झाकण लावा, पाणी ओतू नका. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवतीचं वाफेचं वेष्टण लवकर फोडतं. खोबरेल तर २४ अंशांखाली थिजतंच, थंडीच्या सकाळी हे विसरू नका.

विझवण्याआधी धारेची जाडी १ ते १.५ मिलिमीटर राखा. पातं टोकाकडून आत घाला आणि पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं की ते वाकतं. विझवताना टोक उत्तरेला धरावं असं काही जण सांगतात, पण त्यानं काही होत नाही.

प्रश्न: ओटीजीमध्ये ताव उतरवता येतो का? (वाचक, फोंडा)

उत्तर: ताव उतरवणं म्हणजे विझवलेल्या पात्याचा ठिसूळपणा घालवायला ते पुन्हा हलकं तापवणं. ते ओटीजीत जमतं, आणि विझवल्यावर हात लावण्याइतकं निवलं की त्याच दिवशी उतरवा. तसंच ठेवलेलं पातं रात्रीत आपोआप चिरू शकतं. बटणावरच्या आकड्यावर जाऊ नका, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा. सुरीला २०० अंश, कोयत्याला २५० च्या आसपास. दोन-दोन तास, दोनदा, मध्ये पूर्ण थंड होऊ देऊन.

त्याआधी पातं कडक झालं का हे कानस फिरवून बघाल, तेव्हा ती थोडी रुतली तर घाबरू नका. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो. तो थर घासून पुन्हा बघा, खाली कानस घसरली पाहिजे.

प्रश्न: आमच्याकडे रोज मासळी आणि सोलं (कोकमं). कार्बन पोलाद गंजेल, मग स्टेनलेस घ्यावं का? ‘स्टेनलेसला धार टिकत नाही’ म्हणतात. (वाचक, म्हापसा)

उत्तर: ते मत जुनं झालं. चांगल्या स्टेनलेसची धार उत्तम टिकते. अडचण वेगळीच आहे: त्याला १०५० अंशांच्या आसपासचा, मोजून दिलेला ताव लागतो आणि तो कोळशाच्या भट्टीत साधत नाही. पातं घडवून ताव देणाऱ्या कारखान्याकडे पाठवायची तयारी असेल तर जरूर घ्या.

कार्बन पोलादही गोव्यात नांदतं. सोलांनी, चिंचेनं येणारा निळसर-राखाडी रंग म्हणजे गंज नव्हे, उलट तो पात्याला थोडंफार राखतो. लाल दिसला तरच घासा. काम झालं की लगेच धुऊन पुसा आणि खोबरेलाचा पुसट हात फिरवा. चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून पावसाळा काढू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खायला लागतं.

मूठही इथल्या हवेत फुगते-आकसते. फणसाचं किंवा शिसवीचं लाकूड पुरतं वाळलेलं घ्या, आतली बाजू खरखरीत करा, सावकाश वाळणारं दोन नळ्यांचं एपॉक्सी लावा आणि पितळी रिपिटा ठोका. नुसत्या गोंदावर पहिल्या पावसात फट पडते.

प्रश्न: विकत घेतलेली नक्षीदार दमास्कस (वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून घडवलेली) सुरी खरी आहे का, कसं ओळखावं? (वाचक, डिचोली)

उत्तर: पात्याचा लहानसा भाग बारीक सँडपेपरनं नक्षी जाईपर्यंत घासा आणि फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात काही मिनिटं बुडवा. थर जोडून घडवलेलं पातं असेल तर नक्षी परत उमटते, कारण निकेल असलेले थर उजळ राहतात आणि बाकीचे काळवंडतात. उमटली नाही तर ती नुसती वरची छपाई. खरी निघाली तरी नक्षीमुळे धार वाढत नाही. धार आतल्या पोलादावर आणि त्याच्या तावावरच ठरते, म्हणून पैसे मोजताना आत कुठली दोन पोलादं आहेत ते विक्रेत्याला विचारा.