वाचकांचे प्रश्न : फाटकाजवळची रांग

प्रश्न : माझी मुलगी येथील एका अनुदानित शाळेत सहावीत शिकते. शाळा सकाळी सव्वासातला भरते. माझे पती यंत्रमागावर रात्रपाळी करतात व आठपर्यंत घरी पोहोचत नाहीत. मला साडेसहाला कामावर निघावे लागते. धाकट्या भावाला आजीकडे सोडून, घराला कुलूप लावून मुलगी शाळेत जाते, आणि आठवड्यातून एक-दोनदा तिला पाच-दहा मिनिटे उशीर होतो. उशिरा आलेल्या मुलांना पहिला तास संपेपर्यंत फाटकाजवळ रांगेत उभे करतात. कोणी मारत नाही, कोणी टाकून बोलत नाही. पण हल्ली उशीर होणार असे दिसले की ती शाळेत जातच नाही. तक्रार केली तर शाळा तिच्यावर डूख धरील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘कोणी मारत नाही’ हे शब्द मी दोनदा वाचले. शाळेतील क्रौर्य म्हटले की आपल्याला छडी आठवते, आणि छडी दिसली नाही की सारे ठीक आहे असे आपण धरून चालतो. तुमच्या मुलीला उभे करणाऱ्या शिपाईमामांचा तिच्यावर राग नसेल, वर्गशिक्षिकेचाही नसेल; फाटक सव्वासातला बंद होते आणि पुढचे सगळे आपोआप घडते. संस्था निष्ठुर होते ती बहुधा अशीच, कोणाच्याही मनात नसताना.

हे मी दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी मुख्याध्यापिका होते त्या शाळेतही अशी रांग होती, आणि शिस्तीची शाळा म्हणून मला तिचा थोडा अभिमानही होता. एका वर्षी, केवळ आकडे हवेत म्हणून, मी शिपायांना वहीत नावापुढे उशिराचे कारणही लिहायला सांगितले. महिनाभराने वही उघडली तर तीच पंधरा-सोळा नावे पुन्हा पुन्हा आलेली होती आणि कारणेही तीच होती : नळाला पाणी साडेसहाला येते, एसटी चुकली, बहिणीला सोडायचे होते. आळशी म्हणावीत अशी त्यांत दोनच मुले निघाली. त्याहून लाजिरवाणी गोष्ट नंतर लक्षात आली. आमचा पहिला तास गणिताचा असे, आणि सहामाहीत गणितात मागे पडलेल्या मुलांची यादी त्या वहीशी बरीचशी जुळत होती. मुले वर्गात नव्हती, कारण आम्हीच त्यांना वर्गाबाहेर ठेवले होते, आणि मग पालकसभेत त्यांच्या आईवडिलांना ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ असे आम्हीच सांगत होतो.

आम्ही रांग बंद केली. उशिरा आलेल्या मुलाने सरळ वर्गात जाऊन बसायचे आणि वर्गशिक्षकांनी मधल्या सुट्टीत त्याच्याशी एकट्याने बोलायचे, एवढाच बदल केला. उशीर त्यामुळे लगेच थांबला असे मी म्हणणार नाही, कारण नळाची वेळ काही आमच्या हातात नव्हती. पण उशिराच्या दिवशी होणारी गैरहजेरी मात्र कमी झाली, आणि तुमच्या मुलीचा खरा प्रश्न तोच आहे.

मुलाच्या घरचे काम शाळेच्या आड येते, ही अडचण आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला ते वाढवले, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच होते. मुलांना गुरे राखायची होती, धाकटी भावंडे सांभाळायची होती. त्यांनी भावंडांसाठी पाळणाघर शाळेलाच जोडले, पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली, आणि गुराख्यांसाठी शिकण्याचे साहित्य घेऊन कुरणात जाऊन शाळा घेतली. तिला नावच कुरणशाळा पडले. आज अंगणवाडी हा शब्द आपण सरकारी योजनेचे नाव म्हणून वापरतो. त्यामागे शाळेने आपली वेळ आणि जागा मुलाच्या सोयीने बदलण्याचा हा विचार होता. तुमच्या शाळेने कुरणात जावे असे कोणी म्हणत नाही. फाटक दहा मिनिटे उघडे ठेवणे तिला जड जाऊ नये.

आता कायद्याविषयी. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि सगळ्यांच्या देखत रोज रांगेत उभे करणे या मनाईच्या कक्षेत येते असे माझे मत आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरवले, ते लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. सहावीला तो निर्णय लागू नाही; तरी सहावीतल्या मुलीला झोप कमी लागते असे थोडेच आहे!

तथापि पहिल्याच भेटीत कलमे काढू नका. आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि घरची सकाळ जशी आहे तशी, वेळेसकट सांगा. ‘तुम्ही तिला उभे का करता’ असे विचारण्याऐवजी ‘तिला पहिल्या तासाला बसू देता येईल का’ असे विचारा. माणसाला बोल लावला की तो नियमाची ढाल पुढे करतो. नियम बदलता येईल का असे विचारले तर निदान विचार करतो. तेवढ्याने भागले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या पालक-सदस्याला गाठा. कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असायला हव्यात. अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ला देण्यापुरतीच असते हे खरे; पण असा विषय बैठकीत निघाला की तो एकट्या तुमच्या मुलीचा राहत नाही, आणि डूख धरण्याची तुमची भीती तिथे बरीच निवळते. त्या रांगेत रोज आणखी मुले उभी असतात. त्यांच्यापैकी दोघांच्या आईंना सोबत न्या.

प्रश्न : पालकांची बाजू सगळे मांडतात. माझ्या तिसरीच्या वर्गात ५२ मुले आहेत. ओरडू नका, प्रेमाने वागा, असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. दिवसाअखेर माझा आवाज बसलेला असतो. हे जमायचे कसे?
— एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : ५२ मुलांशी दिवसभर प्रेमाने वागण्याचा उपाय माझ्याजवळ नाही. कायद्याचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असे आहे. त्याचा आधार घेऊन मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते. शिक्षिकेला माहिती भरण्याच्या तगाद्यांखाली दाबून वर तिच्याकडून मायेची अपेक्षा करणारी व्यवस्थाही त्या फाटकासारखीच आहे.

तोवर एक करून पाहा. दिवसभरात किती वेळा ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ आणि ‘बाई, बाहेर जाऊ?’ एवढेच ऐकावे लागते ते एकदा मोजा. मग दाराजवळ खिळ्याला दोन लाकडी पाट्या टांगा, एक मुलींची, एक मुलांची. ज्याला जायचे त्याने काही न विचारता पाटी गळ्यात घालून जायचे आणि आल्यावर परत टांगायची. पहिले तीन-चार दिवस गंमत म्हणून ये-जा वाढेल. तेव्हा रागावू नका. नवलाई ओसरली की पाटी बराच वेळ खिळ्यालाच लटकलेली दिसेल, आणि परवानगी विचारायची लाज वाटून पाय आवळून बसणाऱ्या दोन-तीन मुली निमूटपणे उठून जाऊन येतील.