गरिबीवर पीएचडी करायला इंग्लंडला यायचं म्हणतोस, तर...

भावा, तू दोन गोष्टी विचारल्यास. शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए झालंय, तर ‘गरज आणि गरिबी’ या विषयावर इंग्लंडात पीएचडी करावी का? आणि पुढं नोकरी लागते का?

आधी नोकरीचं सांगतो, घरचे तेच विचारणार. कायमची नोकरी अवघड आहे. तुझा विषय मोडतो राजकीय सिद्धांतात, म्हणजे राजकारणामागच्या विचारांच्या अभ्यासात, आणि त्याच्या जागा मुळात थोड्या. पीएचडीनंतर मी पहिल्यांदा शिकवलं ते नऊ महिन्यांच्या करारावर, उन्हाळ्यात पगार बंद. म्हणून फी आणि राहण्याखाण्याचा खर्च देणारी शिष्यवृत्ती मिळाली तरच ये, रान गहाण टाकून नको. नुसता आरोग्य सरचार्ज विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. कॉमनवेल्थची सध्या भारतीयांना पीएचडीसाठी मिळते का बघ. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहेच.

आता प्रपोजल. माझं पहिलं होतं ‘भारतातील दारिद्र्य: कारणे व उपाय’. सगळीकडून नकार, आणि बरोबरच होता. तो राजकीय सिद्धांताचा प्रश्नच नव्हता, परीक्षेतला वीस मार्कांचा प्रश्न होता!

राजकीय सिद्धांतातला प्रश्न असा: माणसाची गरज काय, हे ठरवायचं कुणी? पुण्यात बसून दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा मोजली ती माणशी रोजच्या २२५० कॅलरींवर. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटानं खेड्याला २४००, शहराला २१०० धरल्या. २००९ च्या तेंडुलकर समितीनं कॅलरीचं माप सोडलं, शिक्षण-आरोग्याचा खर्च धरला. तिन्ही वेळा गरिबाला विचारलं कुणी? अमर्त्य सेन म्हणतात, माणूस काय करू आणि होऊ शकतो ते बघा. डॉयल आणि गॉफ हे अभ्यासक १९९१ च्या पुस्तकात म्हणतात, आरोग्य आणि स्वायत्तता या सगळ्यांच्याच मूलभूत गरजा. दक्षिण आफ्रिकेतले राजकीय विचारवंत लॉरेन्स हॅमिल्टन यांनी २००३ च्या पुस्तकात गरजा हाच राजकारणाचा विषय मानला. या भांडणात तुला उतरायचंय.

आणि त्यासाठी लागणारं उदाहरण तुझ्या दारात, कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांनी पोरांसाठी बोर्डिंगं काढली, ती गरज भागवणं झालं. पण १९०२ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, तेव्हा ठरवणाऱ्यांच्या खुर्च्यांतही वाटा दिला. या दोहोंतला फरक तू नीट मांडलास तर इथले मास्तर कान देऊन ऐकतील. मला हे सुचायला केंब्रिजच्या लायब्ररीत दोन वर्षं घालवावी लागली, आणि मी कोल्हापुरातल्याच दसरा चौकातून रोज कॉलेजला जायचो!

विद्यापीठाचं नाव बघून अर्ज करू नकोस, गाईड बघून कर. त्याचे दोन-तीन लेख वाचून मग छोटा मेल. ऑक्टोबरात सुरू करायचं तर शिष्यवृत्तीचे बरेच अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपतात, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत गुणांचा दाखला, आत्ताच काढून ठेव. पहिली दोन पानं मराठीत लिहून मला धाड. इंग्रजीचं मागनं बघू.