‘कानडा वो विठ्ठलु’मधला कानडा खरंच कानडी आहे का?

तुम्ही विचारलंय की मध्ययुगीन मराठी साहित्यात परभाषेच्या, परमुलखातल्या माणसावरचं प्रेम कुठे दिसतं का, त्यात शरीर येतं का, आणि ज्ञानेश्वरांचा ‘कानडा वो विठ्ठलु करनाटकु’ हा अभंग त्याचं उदाहरण मानावा की ‘कानडा’ म्हणजे नुसतं ‘अगम्य’ असं वाचावं.

दिसतं, शरीरही येतं, आणि कानडा म्हणजे कानडीच. या एका शब्दावरून माझं आणि माझ्या मामांचं कायमचं बिनसलं, म्हणून उत्तर लांबेल.

मामांचा रोजचा हरिपाठ कधी चुकला नाही. गाथा जवळजवळ तोंडपाठ. मला अभंग वाचायला त्यांनीच शिकवलं, हेही सांगायला हवं. १९९४ साली मी कर्नाटकातल्या गदगकडच्या मुलाशी लग्न ठरवलं. ते सांगलीला नोकरीला होते, मराठी मोडकंतोडकं बोलायचे. घरी बैठक बसली. मामा म्हणाले, “भाषा वेगळी, खाणं वेगळं, त्यांचे देवधर्म वेगळे. कसं निभावशील?” मी म्हटलं, “मामा, आपला विठोबाही कानडाच की.” ते एवढे चिडले की हातातली कपबशी खाली ठेवून उठले. “तिथे कानडा म्हणजे अगम्य. करनाटकु म्हणजे कर-नाटकु, नाटक करणारा, लीला दाखवणारा. माउलींच्या शब्दांना तुझ्या लग्नाच्या वादात ओढू नकोस.” लग्न नोंदणी पद्धतीने झालं. माझ्या बाजूने कुणीही आलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. मला कुणी बोलावलं नाही. जानेवारी १९९६ मध्ये मुलगा झाला आणि मी सासरच्या गावी गेले. सासूबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. मला ‘ऊटा’ आणि ‘साकु’ एवढं येत होतं, म्हणजे जेवण आणि पुरे. नवरा आठवड्यातून एकदा यायचा. सव्वा महिना आम्ही दोघी आणि बाळ.

पहाटे न्हाणीत चुलाण्यावर तांब्याचा हंडा तापायचा. मला पाटावर बसवून त्या अंगाला तेल लावायच्या. कमरेला, पोटाला, टाचांना, जोर लावून. मला लाज वाटायची. माझ्या आईनेही मला मोठेपणी असं पाहिलं नव्हतं आणि इथे एक परकी बाई, जिला मी ‘दुखतंय’ एवढंही सांगू शकत नव्हते. पहिल्या दिवशी डोक्यावर शिकेकाईचं पाणी ओतण्याआधी त्या म्हणाल्या, “कण्णु मुच्चु.” मला कळलं नाही. शिकेकाई डोळ्यांत गेली, मी ओरडले. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तेलकट तळवा माझ्या डोळ्यांवर धरला आणि दुसऱ्या हाताने पाणी ओतत पुन्हा म्हणाल्या, “कण्णु मुच्चु.” डोळे मीट. ते दोन शब्द मला तळहाताने शिकवले.

आठवड्याभरानंतरची गोष्ट. थंडी फार होती. सासूबाई दारात उभ्या. इरकलीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, त्यावर घोंगडी, चेहरा अर्धाच दिसत होता. मी आतून “अत्ती” म्हणून हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. बाळ नुकतं झोपलं होतं म्हणून त्या बोलल्या नाहीत, नुसता घोंगडीतून हात बाहेर काढून ‘ये’ अशी खूण केली. पाणी तापलं होतं.

मी उठले आणि तिथेच थबकले.

*खोळ बुंथी घेऊनि खुणेंची पालवी । आळविल्या नेदी सादु ॥*

खोळ म्हणजे अंगावरून घेतलेलं पांघरूण, बुंथी म्हणजे डोक्यातोंडावरून ओढून घेतलेलं वस्त्र. पांघरुणाआडून खुणेने बोलावतो आणि हाक मारली तर ओ देत नाही. ही ओळ मी शंभर वेळा म्हटली होती, मामांसमोर म्हणून शाबासकी मिळवली होती. तिचं चित्र मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. भाषा न कळणारी दोन माणसं अशीच वागतात. पुढची ओळ ‘शब्देंविण संवादु’. तिचा परा-वैखरीचा, म्हणजे वाणीच्या सर्वांत सूक्ष्म आणि उच्चारलेल्या रूपांचा, अर्थ आहेच, अभंगातच तो सांगितलाय. पण आधी ती सरळ घडणारी गोष्ट आहे. माझ्या न्हाणीत ती रोज घडत होती.

आता शरीराचं. हा अभंग विरहिणीचा आहे, बोलणारी स्त्री आहे. ‘क्षेमालागीं मन उतावीळ माझें, म्हणवूनि स्फुरताती बाहो.’ क्षेम म्हणजे मिठी. मिठीसाठी तिचे बाहू स्फुरण पावतायत. पाया पडायला जाते तर पाऊल सापडत नाही, समोर उभा आहे की पाठमोरा तेही कळत नाही. मिठी मारायला जाते तर ‘मीचि मी एकली’. हात, पाय, डोळे, पाठ, सगळं शरीर या कवितेत कामाला लागलंय, आणि ते का लागलंय? कारण बोली उपयोगाची नाही. प्रियकर कानडी आहे ही गोष्ट काढून टाकलीत तर खुणा कशाला आणि शब्दाविना संवाद तरी कशाला? पहिल्या दिवसापासून ‘अगम्य’ म्हणून बाजूला झालात तर कवितेतलं माणूस जातं.

आणि इतिहास बघा. पंढरपुरात कर्नाटकातल्या होयसळ घराण्याचा राजा सोमेश्वर याचा १२३७ सालचा शिलालेख आहे, त्यात गावाचं नाव ‘पंडरगे’ येतं. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पिढीला पंढरपूरचा कानडी शेजार पुस्तकातून कळायची गरज नव्हती. पुढे कर्नाटकात संतकवी पुरंदरदासांनी पदाच्या शेवटी येणारी आपली नाममुद्राच ‘पुरंदर विठल’ घेतली. सासूबाई बाळाला पायांवर न्हाऊ घालताना दासांची पदं गुणगुणायच्या. शब्द कळायचे नाहीत, ‘विठला’ तेवढं कळायचं.

उलट बाजूही त्याच काळात सापडते, आणि तुमच्या प्रश्नाला ती जास्त उपयोगी पडेल. महानुभाव पंथाच्या सूत्रपाठात, म्हणजे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या वचनांच्या संग्रहात, ते अनुयायांना बजावतात की कानडदेशी, तेलंगदेशी जाऊ नये, ते देश विषयबहुळ म्हणजे भोगविलासाने भरलेले आहेत, महाराष्ट्रात राहावं. परका मुलूख म्हणजे देहाचे मोह जास्त, ही धारणा तिथे स्पष्ट आहे. स्वतः चक्रधर मूळचे गुजरातचे. एकाच शतकात एक जण म्हणतो तिकडे जाऊ नका, आणि दुसऱ्याची विरहिणी म्हणते, त्या तिकडच्याने मला वेध लावला. अभ्यास करायचा असेल तर ही दोन वाक्यं शेजारी ठेवून सुरुवात करा.

मामांचं म्हणणं अगदीच निराधार होतं असं नाही. जुन्या मराठीत ‘कानडें’ हा शब्द ‘दुर्बोध’ या अर्थाने येतो आणि ‘कर-नाटकु’ ही फोडही परंपरेतलीच आहे. श्लेष आहे, दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. काही अभ्यासक ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार एकच की वेगळे, इथपासून वाद घालतात. पण दुर्बोधाला ‘कानडें’ म्हणायची सवय मराठीला लागली कुठून? शेजारच्याची भाषा कळत नव्हती म्हणूनच ना? ‘अगम्य’ हा अर्थसुद्धा शेवटी त्या परक्या शेजाऱ्याच्या तोंडूनच आलाय. हे मी मामांना पत्रात लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. २०११ मध्ये ते गेले.

म्हणून तुमच्या घरात कुणी अभंगाचा आधार घेऊन परक्याला परकं ठरवत असेल तर गप्प बसू नका, त्याच अभंगातल्या बाकीच्या ओळी पुढे ठेवा. मी त्या बैठकीत एकच ओळ म्हणून थांबले. बाहू स्फुरण्याची ओळ मोठ्या माणसांसमोर उच्चारायची लाज वाटली. ती तेव्हाच म्हणायला हवी होती.

आणखी उदाहरणं हवी असतील तर नामदेवांच्या गाथेतली ‘गौळणी ठकविल्या’ शोधा. कृष्णाने वस्त्रं पळवलेल्या पाच गौळणी आहेत, मराठी, कानडी, मुसलमानी, कोंकणी आणि गुजराती. पाचही जणी उघड्या अंगाने पाण्यात उभ्या राहून आपापल्या भाषेत त्याची विनवणी करतात. कानडी गौळणीचं कडवं मी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. त्यांनी माझे दोन उच्चार सुधारले आणि पदर तोंडाला लावून हसल्या.