शनिवारच्या खिचडीला पहिल्यांदा येतोयस म्हणून

सलाम बाळा, या शनिवारपासून तू आमच्याबरोबर बेघर लोकांना खिचडी वाटायला येणार असं चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, फार बरं वाटलं. पहिलं म्हणजे मोबाईल खिशात ठेव, कोणाचाही फोटो काढायचा नाही, पुलाखाली झोपत असले तरी ते त्यांचं घर आहे. खिचडी महिला मंडळ करून देतं, ती मऊच हवी कारण बऱ्याच म्हाताऱ्यांना दात नाहीत, आणि पाणी विसरू नकोस, जेवण वाटणारे बरेच येतात पण पाणी कोणी आणत नाही.

वाढून झालं की लगेच निघायचं नाही. खाली बस, नाव विचार, पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मार. प्रार्थना त्यांनी मागितली तरच, जेवणाच्या बदल्यात कधीच नाही, यात मी कोणाचं ऐकत नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर पालिकेच्या दवाखान्यात न्यायचं, टीबीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, पण नुसतं सांगून कोणी जात नाही रे, सोबत जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं. एकटं लहान मूल दिसलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा असं सांगितलंय, मुंबईत तेवढे नाहीत, म्हणून पावसाळ्याआधी ब्लँकेटपेक्षा ताडपत्री गोळा कर.

आणि रविवारी त्यातलं कोणी उपासनेला आलं तर मागच्या बाकावर नको, तुझ्या शेजारी बसव, नंतरचा चहाही सोबतच घ्या.