ऑर्किडची वाढ, फुलं, देखभाल यांची नोंद कशी ठेवायची? अ‍ॅप बरं की वही?

तुम्ही म्हणताय की ऑर्किड दहा-बारा झालीत, कुणाला खत कधी घातलं, कुणाची कुंडी कधी बदलली काहीच लक्षात राहत नाही, तर नोंद कशात ठेवू. मी सगळे प्रकार करून बसलेय. एक्सेलमध्ये हौसेनं १६ कॉलम केले होते, आर्द्रता काय, सकाळचं तापमान काय, तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं, ओल्या हातानं लॅपटॉप कोण उघडणार! अ‍ॅप रोज "पाणी द्या" म्हणून आठवण करून द्यायचं आणि मी ते ऐकून दोन झाडांची मुळं कुजवली. आता झाडांपाशीच खिळ्याला एक वही टांगलीय, दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. ती टिकलीय.

पण खरी गोम लिहायचं काय यात आहे. आधी मी स्वतः काय केलं तेवढंच लिहायचे. पाणी दिलं, पाणी दिलं, खत, पाणी दिलं. पानंच्या पानं भरली आणि त्यातून कळलं काय तर मी पाणी देते! झाडानं काय केलं ते कुठेच नाही. आता पाण्याची तारीख लिहीतच नाही, फॅलेनॉप्सिसची (रुंद पानांचं, घरोघरी दिसणारं ऑर्किड) मुळं चंदेरी-पांढरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबायचं, त्याला वही कशाला. लिहिते ते हे, नवीन पान कधी डोकावलं, मुळाला हिरवं टोक कधी फुटलं, फुलांचा दांडा कधी दिसला, पहिलं फूल कधी उघडलं आणि शेवटचं कधी गळलं. खताची तारीख मात्र लिहा, ती झाडाकडे बघून कळत नाही. आणि कुंडी बदललेली तर लिहाच लिहा, कारण झाडाची साल घालून लावलं असेल तर ती दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते, वरून ठीकठाक दिसते आणि आत नुसता चिखल.

एक काम सगळ्यांना सांगते, पट्टी घेऊन पान मोजा, पूर्ण वाढून थांबलं की. माझ्या एका फॅलेनॉप्सिसला दोन वर्षं फूल नव्हतं, झाड दिसायला हिरवंगार त्यामुळे मी आपली खत बदलत बसले. मग एकदा खालपासून वरपर्यंत पानं मोजली तर २३ सेंमी, २० सेंमी, १७ सेंमी. प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा आखूड! रोज बघणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. मुळं तपासली, ती चांगली होती, म्हणजे उजेड कमी पडत होता. खिडकीजवळ सरकवलं, पुढचं पान २१ आलं आणि नंतर दांडाही आला. थंडीचं पण तसंच, काही आठवडे तापमान २५ अंशांच्या खाली राहिलं की फॅलेनॉप्सिस दांडा काढायच्या तयारीला लागतं, त्यामुळे रात्री गार व्हायला लागल्या की तेवढी तारीख टाकून ठेवा, पुढच्या वर्षी कधीपासून वाट बघायची ते कळतं.

डेंड्रोबियम (ऑर्किडचाच दुसरा प्रकार) असेल तर प्रत्येक केनला, म्हणजे उसासारख्या उभ्या खोडाला, ती निघाल्याचं वर्ष लिहून चिठ्ठी बांधा. नोबिली जातीच्या डेंड्रोबियमच्या पानं गळालेल्या केन मी वाळल्या समजून साफ कापून टाकल्या होत्या, आणि फुलं येतात ती नेमकी त्यांच्यावरच. अख्खा हंगाम गेला. अजून आठवलं की चिडचिड होते.

नावाची पट्टी पेन्सिलनं लिहा, मार्कर उन्हात उडतो, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते. आणि लेबलवर जे नाव असेल ते स्पेलिंगसकट वहीत उतरवा. ऑर्किडच्या संकरांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत ऑर्किडचे संकर एक लाखाच्या वर आहेत, एकदा पट्टी हरवली की फुलाकडे बघून नाव सांगणं जवळपास अशक्यच. माझ्याकडे अशी तीन बेवारस आहेत, त्यांना मी नंबर दिलेत.

फोटो काढायचे तर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच बाजूनं, शेजारी पट्टी ठेवून. नुसते फुलांचे फोटो असतात सगळ्यांकडे, पानामुळांचे कुणाकडे नसतात.

पहिल्या वर्षी या वहीचा काही उपयोग वाटणार नाही हे आधीच सांगते, मागचं वर्षच नसतं ना तुलना करायला.

आणि पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं निघालं, दांडा की मूळ कळत नाही, तर तारीख लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. टोक जरा चपटं, हातमोज्यासारखं दिसलं तर बहुधा दांडा, गोल गुळगुळीत असेल तर मूळ. माझ्या वहीत यंदा चार प्रश्नचिन्हं होती, तीन मुळं निघाली.