स्वतःची चेकलिस्ट म्हणजे परीक्षेची चिठ्ठी नव्हे

तुम्ही विचारलंय, सेसना १५२ या छोट्या विमानावर उडवायला शिकताना छापील चेकलिस्ट असूनही स्वतःची वेगळी बनवावी का, आणि ती मोबाइलवर ठेवावी की कागदावर. बनवा. कागदावर. खरं तर उत्तर इथे संपलं, पण ‘वेगळी’ म्हणजे काय यावरून मी एका माणसाशी कित्येक वर्षं भांडतेय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझी पहिली यादी साठेक ओळींची होती. विमानाच्या हँडबुकातलं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि सुट्टीला ठाण्यात आले तेव्हा गावदेवीजवळ लॅमिनेट करून घेतलं. चकचकीत. कॉकपिटमध्ये ऊन आलं की त्यात माझाच चेहरा दिसायचा. आमच्या बॅचमधल्या एका डोंबिवलीकराने ती बघून सगळ्यांसमोर विचारलं, ‘पेपरला चिठ्ठी घेऊन बसणार का? पाठ होत नाही त्याने उडवू नये.’ मला ते इतकं लागलं की मी यादी बॅगेत टाकली आणि खरंच सगळं पाठ केलं.

मग सोलो क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे एकटीने लांबवर उडून यायचा दिवस आला. सकाळी स्टुलावर चढून उजव्या टाकीत डिपस्टिक घातली, माप बघितलं, तेवढ्यात इंधनवाल्याने पावतीवर सही करायला हाक मारली. उतरले, सही केली, थोड्या गप्पाही झाल्या. परत आले ती थेट पुढच्या वस्तूकडे. इंधन झालं, ऑइल बघायचं. डोक्यात टाकीसमोर बरोबरची खूण पडून गेली होती. पाठांतराचं हेच असतं, ते अडखळत नाही.

उडाल्यावर वीसेक मिनिटांनी इंधनाचा उजवा काटा डाव्यापेक्षा फारच खाली दिसला. हे काटे बेभरवशाचे असतात म्हणून मी सोडून दिलं. (हेही शिकवलेलंच!) मग पंखाच्या मागच्या कडेवरून काहीतरी बारीक फवारा उडताना दिसला आणि पोटात गोळा आला. पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो, झाकण उघडं राहिलं की इंधन बाहेर ओढलं जातं. तशीच मागे फिरले. उतरल्यावर झाकण साखळीला लोंबकळत होतं, त्याच्या आपटण्याने रंगाचे टवके उडालेले, आणि पंखावर अ‍ॅवगॅसचे, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचे, निळे ओघळ. सरांनी एवढंच विचारलं, ‘चेकलिस्ट केली होतीस?’ मी म्हटलं, ‘हो सर.’ मी खोटं बोलत नव्हते, हे आजही टोचतं.

त्या रात्री हॉस्टेलवर नवी यादी केली. नऊ ओळी. हँडबुकातलं एकही वाक्य नाही, सगळे माझे स्वतःचे घोळ. सगळ्यात वर: ‘कोणी हाक मारली होती? मग पहिल्यापासून.’ चढण्याआधी शेवटचं काम, दोन्ही झाकणांना हात लावणं, नुसतं बघणं नाही. थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी खुंटी), कारण दमट हवेत पंचवीस अंशालाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो यावर आपल्यासारख्या कोकणपट्टीतल्या घामट माणसाचा विश्वास बसत नाही आणि मी ती दोनदा विसरले होते. एक ओळ नुसतीच ‘शुक्रवार?’ अशी आहे. शुक्रवारी मला ठाण्याची रात्रीची गाडी गाठायची असायची आणि माझी सगळी कामं शुक्रवारीच उरकल्यासारखी व्हायची. तुमची यादी अशी असली पाहिजे, दुसऱ्याला दाखवायची लाज वाटावी अशी.

डोंबिवलीकराला मी १९३५ ची गोष्ट ऐकवली. ओहायोत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उड्डाण घेताच कोसळलं, कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे हलणारे भाग जखडून ठेवणारी कडी) काढायचा राहिला होता. चालवणारे कसलेले टेस्ट पायलट होते. वैमानिकांची चेकलिस्ट रुळली ती त्यानंतर. तो म्हणाला, ‘ते चार इंजिनांचं धूड होतं.’ अरे, पण लॉक तुझ्या १५२ च्या योकमध्येही, म्हणजे हातातल्या सुकाणूतही, असतो की! आता तो एअरलाइनमध्ये आहे. गेल्या दिवाळीत तलावपाळीला भेटला, तेव्हा विचारलं, आता प्रत्येक उड्डाणाला मोठ्याने वाचून घेतोस ते काय? तर म्हणे, ‘ती कंपनीची चिठ्ठी.’ म्हणजे साहेबाची चिठ्ठी मान्य, स्वतःची नाही.

राहिलं ते असं. ही यादी छापील चेकलिस्टनंतर वाचायची, तिच्याऐवजी नाही. आकडे आणि क्रम तुमच्या विमानाच्या हँडबुकातलेच, आणि कागद एकदा इन्स्ट्रक्टरला दाखवा, लाज वाटली तरी. उडाल्याबरोबर इंजिन गेलं तर कागद शोधू नका, आधी नाक खाली, १५२ ला साठ नॉट वेग, समोर उतरायला जागा. एवढं मात्र पाठच हवं (डोंबिवलीकर इथे येऊन बोलण्याआधी मीच सांगते).

मोबाइल उन्हात तापून बंद पडतो. लॅमिनेशन मॅट करा, अक्षर मोठं ठेवा.