नव्वद, पण नव्वद काय?

प्रश्न : शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचा मिक्सर सी प्लस प्लसमधल्या प्रोग्रामवर चालतो. एक घाणा ९० सेकंद फिरायला हवा, म्हणून ठरलेला वेळ थांबून राहण्याच्या फंक्शनला ९० दिले, तर मिक्सर सुरू होताच बंद! फंक्शन मिलिसेकंद घेत होते. ९०००० लिहून भागवले, पण असे आकडे प्रोग्रामभर पसरलेत. नीट उपाय काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आकड्याला एकक चिकटवा. सी प्लस प्लस १४ (भाषेची २०१४ ची आवृत्ती) पासून क्रोनो या वेळेच्या लायब्ररीत ही सोय आहे. ९० ला लागूनच इंग्रजी एस लिहिला की नव्वद सेकंद होतात. मध्ये जागा सोडली तर कंपाइल होणार नाही. मिलिसेकंदाला एमएस, तासाला एच आणि मिनिटाला मिन. त्याआधी क्रोनो_लिटरल्स हे नेमस्पेस (नावांचा गट) 'यूझिंग'ने आणा, पण इतर फाइलींत ओढल्या जाणाऱ्या हेडर फाइलमध्ये नको. ती जिथे जिथे जाईल तिथे ते पसरते.

मग तुमच्या फंक्शनचा पॅरामीटर इंट या साध्या पूर्णांकावरून क्रोनोच्या मिलिसेकंद्स प्रकारावर न्या. खरा फायदा इथेच आहे. नव्वद सेकंद दिले की त्याचे ९०००० मिलिसेकंद आपोआप होतात, आणि कोणी नुसते ९० लिहिले तर कंपायलरच अडवतो. चूक मिक्सरपर्यंत पोचतच नाही.

उलट दिशेला, मिलिसेकंदाचे सेकंद करताना, ड्युरेशन_कास्ट हे रूपांतराचे फंक्शन लिहावेच लागते आणि ते उरलेला भाग टाकून देते : १९९९ मिलिसेकंदांचा १ सेकंद होतो, २ नाही. दीड सेकंद १.५ ला एस लावून लिहाल, तर तो दशांशी प्रकार ठरतो आणि पूर्णांकी मिलिसेकंद्समध्ये बसत नाही. तिथे १५०० ला एमएस लावा.

वेळ सेटिंग फाइलमधून येत असेल तर व्हेरिएबलला एस चिकटत नाही. त्याला 'एकाला एस' या लिटरलने (थेट लिहिलेल्या एक सेकंदाने) गुणा, किंवा सेकंद्सच्या कंसात टाका.

रकाने सरळ दिसावेत म्हणून आकड्यापुढे शून्य मात्र लावू नका. ०१० ला एस लावला तर ८ सेकंद होतात, कारण पुढचे शून्य म्हणजे आठवर आधारलेली अष्टमान पद्धत. कंपायलर त्यावर हूं की चूं करत नाही. तसेच सी प्लस प्लस २० मधला डी म्हणजे महिन्यातली तारीख, चोवीस तास नव्हे. एका दिवसाचा कालावधी हवा असेल तर २४ ला एच लावा.

तुमचा कंपायलर जीसीसी असेल आणि तो आवृत्ती ६ च्या आधीचा असेल तर कंपाइल करताना सी प्लस प्लस १४ चा पर्याय स्वतः द्यावा लागेल.